बाहुल्याचं वजन

अग्निशमन केंद्रात सगळे त्याला वस्ताद म्हणत. वय बावन्न. गुडघा गेला तेव्हा त्याने धावणं सोडून पोहणं धरलं, खांदा निखळल्यावर पोहणं सोडून सायकल, आणि कंबरेने दगा दिल्यावर भिंतीला टेकून बैठका. बायको म्हणायची, "अहो, अंगाचे सांधे पुरे झाले. दाराचं बिजागर वर्षभर कुरकुरतंय."

दरवर्षी परीक्षा असे. वाळू भरलेला ऐंशी किलोचा बाहुला खांद्यावर घेऊन चार मजले उतरायचे. जमलं नाही, की बंबावरून काढून फोनपाशी बसवत.

यंदा तो वेळेआधीच खाली पोहोचला. पोरं ओरडली, "वस्ताद, आम्हाला लाजवलंत!"

त्याने बाहुला खाली ठेवला. पोटावरची शिवण ताज्या दोऱ्याची होती. पोरांनी मायेपोटी वाळू काढली होती, हे शिवण दिसण्याआधीच खांद्याला कळलं होतं.

तो साहेबांकडे गेला. "मला फोनवर बसवा."

"अहो, पास झालात की!"

"आगीतली माणसं पूर्ण वजनाची असतात, साहेब."

त्या संध्याकाळी तो ना तलावावर गेला, ना सायकलवर बसला. त्याने दाराचं बिजागर दुरुस्त केलं.