दादाने शिवलेली खुर्ची

दादा गेल्याचा फोन खालच्या काकूंकडे आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. हार्टफेल, म्हणाले. महिना झाला, पण माझा थोरला भाऊ इतक्या मुकाट्याने गेला हे अजून पटत नाही... मुकाट्याने त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं.

रबाळ्याच्या कारखान्यात तो बसच्या सीट शिवायचा. तिथे आलेल्या कुठल्याशा परदेशी मासिकात त्याने वाचलं, की तिकडे लहान मुलाला गाडीत वेगळ्या खुर्चीत, पट्टा बांधूनच बसवायचं असा कायदा झालाय. झालं! आमची चिंगी तेव्हा वर्षाची, आमच्या यांनी नुकतीच जुनी गाडी घेतलेली. दादाने लोखंडी सांगाडा, फोम, रेक्झिन, कॅनव्हासचे पट्टे जमवून खुर्ची केली आणि मागच्या सीटवर बोल्ट मारून बसवली. सासूबाई हसल्या, "आपल्या सरकारने सांगितलंय का असं?" "सरकार सांगेल तोवर ही कॉलेजात जाईल, मावशी," दादा म्हणाला.

चिंगीच्या जावळासाठी आम्ही पनवेलला निघालो. यांचा हात अजून बसला नव्हता, म्हणून दादा चालवत होता. चिंगीने रडून घर डोक्यावर घ्यावं तशी गाडी डोक्यावर घेतली, तेव्हा मी पट्टा सोडून तिला मांडीवर घेतलं. दादाने गाडी कडेला लावली आणि किल्ली काढली. "तिला परत बांध, मग निघू." मीही त्याचीच बहीण. म्हटलं, "आईच्या हातापेक्षा घट्ट काय असतं रे?" तो वाद घालत बसला नाही. चिंगीसकट सगळ्यांना खाली उतरवलं, मला पुढे बसवलं आणि डिकीतली दहा किलो तांदळाची पिशवी माझ्या मांडीवर दिली. "ही चिंगी समज. पाय रोवून बस, आणि सोडू नकोस." आम्ही नेरूळजवळ होतो, तिथे अजून रेल्वे यायची होती, रस्ता मोकळा. गाडी सायकलीपेक्षा जरा जास्त वेगात असेल, तोच त्याने करकचून ब्रेक मारला. पिशवी माझ्या हातांतून सुटली आणि डॅशबोर्डवर आपटून फुटली. "न सांगता ब्रेक मारलास!" मी ओरडले. "ॲक्सिडेंट सांगून होतो का गं?"

मी चिंगीला बांधलं, पण पनवेलपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. 'तुझं बरोबर होतं' असं पुढेही कधी म्हटलं नाही. भावाला काय सांगायचं, त्याला कळतंच, असं वाटायचं. आता फार लागतं ते.

चिंगी आता खुर्चीत मावत नाही. मागच्या रविवारी ती खुर्ची मी तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेली. त्यांच्याकडे बाळ आहे, गाडीही आलीय. बाळाची आई हसली. "कशाला टेन्शन घेता, ताई? मी सोडीन का याला?"

मला राग आला नाही. त्या तांदळाच्या पिशवीची गोष्ट तिला सांगितली, आणि दादाला सांगायचं राहिलं तेही. "मीपण घट्टच धरलं होतं गं. दोन्ही हातांनी. तरी सुटलं."