अख्खं संत्रं अन् फोड

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पांढुर्ण्याच्या फलाटावर एक माणूस संत्र्याच्या रिकाम्या पेट्या मांडून बसला होता. एक सनईची, एक बासरीची, एक डफाची. गावोगावच्या दंडारी, म्हणजे नाचगाण्याचे खेळ, ऐकून त्यानं चाली नि ठेके कागदावर उतरवले होते. गाडीला उशीर होता म्हणून ते कागद ज्या त्या पेटीत लावत होता. प्रत्येक कागद ठेवण्याआधी गुडघ्यावर बोटांनी वाजवून बघायचा.

"तुम्ही काय काय वाजवता?" मी विचारलं.

"काहीच नाही," तो हसला. "मले वाजवता येत नाही, म्हणून तं लिहून राहिलो."

शेजारी लग्नाला निघालेला तिगावचा डफवाला बसला होता. तो फणकारला, "कागदावरून डफ वाजते काय? अन् मले वाचता नाही येत."

पेटीवाल्या माणसानं डफाच्या पेटीतला एक कागद पुढं केला. त्यावर अक्षर नव्हतंच. मोकळ्या थापेला अख्खं संत्रं काढलेलं, दाबलेल्या थापेला फोड.

"संत्रं तं ओळखता ना, भाऊ?"

डफवाला ओळीवरून बोट फिरवत गेला, जरा अडखळला आणि मग डफ घुमू लागला. पलीकडच्या बाकावरची म्हातारी उठून आली.

"अरे बाप्पा! हा तं आमच्या रामाकोन्याच्या दंडारीचा ठेका! कवा आल्ता तू आमच्या गावाले?"

"कधीच नाही, माय," डफवाला म्हणाला. त्याचा हात थांबला नाही.

तेवढ्यात गाडी आली. तो माणूस पेटीवर चढून ओरडत होता, "थांबू नका भाऊ, खालची ओळ राह्यली!"

गाडी सुटली. आमच्यापैकी कोणीच चढलं नव्हतं.