माझ्या वॉलेटची किल्ली चोपडेवालीकडे

सिल्वासाजवळ नरोलीत आमच्या खोल्यांच्या रांगेत आपली किल्ली कुणी आपल्याजवळ ठेवत नाही. नवरा एका पाळीला, बायको दुसऱ्या पाळीला, आणि कुलपाला किल्ली एकच. म्हणून ज्याची पाळी आपल्या उलटी, त्या शेजाऱ्याच्या दाराआड एक खिळा असतो आणि त्या खिळ्याला आपली किल्ली. माझी किल्ली चोपडेवालीकडे असायची, तिची माझ्याकडे. बायकांना इथे गावावरूनच ओळखतात. ती चोपड्याची, मी शहाद्याची. एखादी किल्ली कमरेला खोचून कामाला निघाली, तर हिच्या घरात असं काय सोनं पुरलंय म्हणून रांगभर कुजबूज होते.

पैशाचं मात्र वेगळं होतं. माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सगळ्यांत आधी इथे आले. त्यांनीच आम्हाला मसाटच्या धाग्याच्या कंपनीत लावलं, नवऱ्याला मशीनवर आणि मला पॅकिंगला. आणि जो आणतो त्याच्याकडे कार्ड, हा आमच्याकडचा रिवाज. खातं माझ्या नावाचं, पण एटीएम कार्ड जेठांच्या पाकिटात आणि बँकेचा मेसेज जेठांच्या मोबाईलवर. पगार झाला की ते पैसे काढायचे, घरखर्चापुरते नवऱ्याच्या हातात ठेवायचे आणि उरलेले गावी चाललेल्या बांधकामात घालायचे. त्या घरात आमच्यासाठी एक खोली आहे असं म्हणतात. मी ती पाहिलेली नाही.

यावर मी जेठांशी भांडले का नाही, असं कुणी विचारेल. आमच्याकडे धाकट्याची बायको जेठांशी बोलतच नाही. डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे सांगायचं ते नवऱ्याला सांगायचं. तेही मला म्हणायचे नाहीत, नवऱ्याला म्हणायचे, 'तिला सांग.' मी समोर तीन फुटांवर उभी असले तरी 'तिला सांग.' माझी मुलगी मोठी होऊन बारावीला गेली तरी मी त्या माणसाशी एक वाक्य बोलले नव्हते.

मुलीला नर्सिंगला जायचं होतं. जेठांच्या मनात तिचं लग्न होतं. नवऱ्याच्या मनात काय होतं ते त्यालाही ठाऊक नसावं; तो म्हणायचा, दादा म्हणेल तसं. माझ्या हातात एकच गोष्ट होती. ओव्हरटाइमचे पैसे ठेकेदार रोख द्यायचा आणि ते कुठल्याच खात्यात जात नव्हते. पण रोख ठेवणार कुठे? आमच्या खोलीत टिकलीचं पाकीट लपत नाही. तांदळाच्या डब्यात ठेवले तर नवऱ्याला सापडले आणि त्या भल्या माणसाने ते इमानदारीने नेऊन दादाला दिले. मी दोन दिवस त्याला नुसता वरण-भात वाढला, भाजी नाही की लोणचं नाही. त्याला वाटलं माझी तब्येत बरी नाही.

क्रिप्टोचं नाव आमच्या रांगेत आणलं ते जेठांनीच. एका रविवारी त्यांनी सगळ्यांना अंगणात बसवलं आणि मोबाईलमधले आकडे दाखवले. सगळ्यांनी पैसे त्यांच्याकडे द्यायचे आणि ते आपल्या खात्यातून कॉईन घेणार, असं ठरत होतं. मागून कुणीतरी विचारलं, "प्रत्येकाचं अलग खातं नाही का होत?"

"अलग कशाला पाहिजे?" जेठ म्हणाले. "आपण काय परके आहोत का? घर एक तर तिजोरी एक. तुम्ही फक्त पैसा टाका, बाकी टेन्शन माझं."

मी पदराआडून ऐकत होते. पैसा यांच्या मोबाईलमध्ये राहू शकतो, तर माझ्या मोबाईलमध्ये का नाही राहणार? त्यांनी मला दिलेली ही एकमेव चांगली कल्पना, आणि तीही चुकून.

आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये धागा तपासणारी एक मुलगी आहे, नाशिककडची. डोक्याने तल्लख आणि बोलायला फटकळ, म्हणून माझी आवडती. जेवणाच्या सुट्टीत मी तिला म्हटलं, मला वॉलेट पाहिजे. तिला वाटलं पर्स. मग समजल्यावर तिने डबा बाजूला ठेवला.

"ताई, हे आकडे वरखाली होतात. बुडाले तर?"

"दादाच्या पाकिटात तर बुडालेलेच आहेत. तू वॉलेट सांग."

तिने सांगायला सुरुवात केली. एक प्रकार असा की किल्ली कंपनी सांभाळते. सोपं काम, पासवर्ड विसरलात तर तेच परत मिळवून देतात. मी विचारलं, त्याला काय काय लागतं? ती म्हणाली, आधार, पॅन, बँकेचं खातं, बँकेला जोडलेला मोबाईल नंबर. म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात! तो मेसेज जाणार जेठांकडेच. तो प्रकार मी तिथेच सोडला.

दुसरा प्रकार पेनड्राइव्हसारख्या डबीचा. ती म्हणाली, सगळ्यात सुरक्षित हेच. असेल. ज्यांच्या घरात कपाट आहे आणि कपाटाला कुलूप आहे, त्यांच्यासाठी असेल. माझ्याकडे अशी डबी निघाली असती तर नवऱ्याने तीसुद्धा इमानदारीने नेऊन दिली असती.

तिसरा प्रकार म्हणजे आपल्या मोबाईलवरचं साधं ॲप. ना बँक लागते ना नंबर. ते सुरुवातीला बारा इंग्रजी शब्द देतं, ओळीने. ते शब्द म्हणजेच किल्ली. ज्याच्याकडे शब्द त्याचा पैसा, आणि शब्द हरवले तर जगात कुणी परत देऊ शकत नाही. हे सांगताना तिने मला घाबरवायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी विचारलं, "मोबाईल पाण्यात पडला तर?"

"काही होत नाही. पैसा मोबाईलमध्ये नसतोच ताई. दुसऱ्या कुठल्याही मोबाईलवर ते बारा शब्द टाकले की जसाच्या तसा परत."

"आणि हे ॲपवाले पळून गेले तर?"

"दुसऱ्या ॲपमध्येही तेच शब्द चालतात."

माझं तिथेच ठरलं. आता ॲप कुठलं घ्यायचं? मोबाईलवर शोधलं तर एकासारखी एक दिसणारी चित्रं. पहिलंच उघडलं तर ते उलट मलाच माझे बारा शब्द मागायला लागलं. मी म्हटलं, अजून घर घेतलं नाही आणि तू किल्ली कसली मागतोस? ती मुलगी हसली आणि म्हणाली, शाबास, हेच ओळखायचं असतं, काढून टाका. दुसऱ्याच्या पानावर रोज दुप्पट करून देण्याची जाहिरात नाचत होती, तेही गेलं. शेवटी एक साधंसुधं, कुणाला काही दुप्पट करून न देणारं, हिंदीत वाचता येणारं आणि बरीच वर्षं चाललेलं असं ॲप घेतलं. कॉईनही तिने मला उड्या न मारणारा सुचवला, डॉलरच्या भावाला बांधलेला. मला श्रीमंत व्हायचं नव्हतं, फीपुरतं जमवायचं होतं. मी तिला रोख द्यायची आणि ती आपल्या खात्यातून कॉईन घेऊन माझ्या वॉलेटमध्ये पाठवायची.

बारा शब्द कागदावर लिहून जपून ठेवा आणि जिवात जीव असेपर्यंत कुणाला सांगू नका, असं तिने बजावलं. मी तिच्यासमोर कागद घेतला, सगळे शब्द मराठी अक्षरांत उतरवले, पाठ केले आणि कागद चहाच्या टपरीवरच्या शेगडीत टाकला. कागद माझ्या खोलीत टिकला नसता. भाकरी थापताना मी ते शब्द म्हणायचे, एका थापेला एक. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. त्यांतला एक भाजीचा आहे, एवढंच सांगते. कुठली ते विचारू नका.

पण मग मला घोर लागला. पाठ केलेलं विसरलं तर? मी मशीनखाली आले तर? मुलीला सांगावं तर ती बापाची लाडकी, त्याच्यापासून काही लपवता येत नाही तिला. तेव्हा मी आमच्या रांगेत सगळे करतात तेच केलं. चोपडेवालीला नळावर गाठलं आणि म्हटलं, माझी आणखी एक किल्ली ठेवशील का?

तिने कशाची म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाली, "खिळ्याला टांगायची का?"

"डोक्यात ठेवायची."

"मग सांग एकेक. माझं शिक्षण चौथी आहे, पण गाणी शंभर पाठ आहेत."

कपडे धुता धुता तिने ते शब्द पाठ केले, चालीवर बसवून. अर्थ तिला एकाचाही माहीत नव्हता.

हे लॅबमधल्या मुलीला कळलं तेव्हा ती कडाडली. "ताई, कुणालाच नाही म्हणजे कुणालाच नाही! पहिला नियम तोडला तुम्ही." सगळीकडे हेच लिहिलेलं आहे म्हणे. लिहिलं असेल. ज्याने लिहिलं त्याच्या दारात खिळा नसेल. माझ्या घरात शिरायची किल्ली जिच्याकडे वर्षानुवर्षं आहे आणि जिने माझ्या डब्यातली चिमूटभर साखरही न विचारता घेतली नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नको आणि कुणा न पाहिलेल्या माणसाने बनवलेल्या ॲपवर ठेव, हा कुठला शहाणपणा? मी त्या मुलीला तसंच म्हटलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

पुढे चोपडेवालीच्या नवऱ्याचं काम सुटलं आणि त्यांनी गाव गाठायचं ठरवलं. टेम्पोत सामान चढवून झाल्यावर तिने माझी किल्ली खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली. मग हळूच म्हणाली, "ती दुसरी कशी देऊ परत? ती तर निघत नाही आता. तू कुलूप बदलून टाक बाई. मन माझं साफ आहे, पण माणसाचं काय सांगावं."

मी म्हटलं, "नाही बदलत." तिने जाताना आपला मोबाईल नंबर माझ्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिला. भाडेकरूंच्या भिंतीवर असे नंबर असतातच.

बारावीचा निकाल लागला. मुलीला सिल्वासातच नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायची मुदत आली. नेमकं त्याच आठवड्यात नवऱ्याने माझ्या मोबाईलमध्ये ते ॲप पाहिलं. पोटात काही राहत नाही त्याच्या. रविवारी जेठ आमच्या खोलीत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तिला सांग, फोन दे इकडे."

नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यांना दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "तिला सांग, पिन बोलायची आणि फोन घेऊन जायचा. घरात चोरीछुपी चालणार नाही. पोरीच्या लग्नाला कामाला येईल तो पैसा."

चोरी! माझ्या हातांना धाग्याने पडलेले काप, माझा ओव्हरटाइम, आणि चोर मी. पदराच्या आत मी दात आवळून उभी राहिले आणि पिन सांगितली नाही. ते फोन घेऊनच गेले.

कंपनीत पोचल्यावर मी त्या मुलीला म्हटलं, तुझा फोन दे, शब्द टाकायचे आहेत. आणि मला ते आठवेनात. भाकरी थापताना तोंडात येणारे शब्द, पण त्या दिवशी संताप आणि भीती यांनी सगळी माळ तुटली. मधले दोन गळाले आणि भाजी कुठे होती तेही कळेना. मी हवेत हात थापून पाहिले, तरी येईनात. मुदतीला एकच दिवस उरला होता. मी घरी जाऊन भिंतीवरचा नंबर हातावर उतरवून आणला आणि तिच्या फोनवरून लावला.

पलीकडे म्हैस हंबरत होती. चोपडेवालीने माझा आवाज ओळखला आणि म्हणाली, "थांब, गोठ्यामागे जाते." मग तिने चालीवर म्हणायला सुरुवात केली, नळावर म्हणायची तशीच, न अडखळता. बारावा शब्द झाला आणि ॲप उघडलं. माझा सगळा पैसा जागच्या जागी होता. मी रडले. ती मुलगी रडली नाही, पण नाक पुसत होती. चोपडेवाली पलीकडून ओरडत होती, "झालं का? आणखी एकदा म्हणू का?"

त्या मुलीने कॉईन विकले आणि संध्याकाळी फी भरली गेली. मग ती म्हणाली, आता हे शब्द तिघींना माहीत झाले, नवीन वॉलेट करा. मी केलं नाही. आजही तेच शब्द आहेत, त्याच दोन डोक्यांत, आणि तिसरीने ते विसरल्याची शपथ घेतली आहे.

पुढच्या रविवारी जेठ पुन्हा आले. फोन खिशातून काढून त्यांनी नवऱ्यासमोर धरला. "तिला सांग, शेवटचं विचारतोय. पिन बोल आणि फोन घे. नाहीतर हा पैसा ह्याच्यातच सडेल."

मुलगी कॉटवर बसून कॉलेजची पावती न्याहाळत होती. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि नवऱ्याकडे न बघता सरळ त्यांच्याकडे बघितलं. ते दचकून मागे सरले.

"दादा," मी म्हटलं, "फोन राहू द्या तुमच्याकडेच. त्यात काही नाही."