रेडिओची राखण

योगिनीच्या जिभेला हाड नाही, हे तिच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. राजापूरजवळच्या त्या वाडीतून ती रत्नागिरीला आली, कॉम्प्युटर शिकली, सखारामशेठच्या शीतगृहात नोकरीला लागली, तरी जीभ तशीच राहिली. आणि तिथं त्या जिभेला आयतं खाद्य मिळालं: गुरुप्रसाद सर.

हे सर शीतगृहाच्या कॉम्प्युटर खात्याचे मुख्य, मूळचे देवरूखचे. पण चार दिवस पुण्यात नोकरी करून आल्यापासून "आमच्या पुण्यात" म्हटल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं योगिनी मनात म्हणे. कधीकधी मोठ्यानंही म्हणे.

शीतगृहातून गोठवलेल्या हापूसच्या फोडी परदेशी जात. गिऱ्हाइकाची अट एकच. गारव्याची नोंद अखंड हवी, मध्येच तुटली तर माल नको. म्हणून रत्नागिरी, राजापूर आणि देवरूख अशा तीन ठिकाणी डेटा सर्व्हर, म्हणजे ही नोंद ठेवणारे प्रोग्राम, चालवले जात. एक बंद पडला तरी नोंद दुसऱ्याकडे असावी. त्या वर्षी योगिनीचा बाप केरू यानंही सबंध बागेचा आंबा व्यापाऱ्याला न देता लेकीच्या शब्दावर, माल विकल्यावर पैसे घ्यायच्या बोलीनं तिथं टाकला होता.

प्रत्येक सर्व्हर एकेका कंटेनरात चाले. हे कंटेनर बोटीवरचे नव्हेत. यंत्राच्या आतली एक बंद खोली म्हणा. खोलीचं लक्ष फक्त पुढ्यातल्या प्रोग्रामवर. तो पडला की खोली मिटते आणि यंत्र ती पुन्हा उघडून त्याला नव्यानं उठवतं. सरांनी जुन्या सवयीनं सर्व्हर पुढ्यात न ठेवता पाठीमागे, नजरेआड चालत सोडले. पुढ्यात कोणीच नाही म्हटल्यावर कंटेनर उघडल्या उघडल्या मिटू लागले.

"सर, सर्व्हर पुढ्यातच चालवा," योगिनी म्हणाली.

पण सरांनी वाडीतल्या पोरीचं ऐकायचं म्हणजे काय! त्यांनी पुढ्यात नुसता झोपून राहणारा एक प्रोग्राम बसवला आणि सर्व्हर मागेच ठेवले. कंटेनर मिटायचे थांबले. पडद्यावर कंटेनरांचे तिन्ही दिवे हिरवे.

"आमच्या बागेत धोंडू राखण्या होता," योगिनी म्हणाली. "बागेतल्या खोलीत, मांगरात रेडिओ लावायचा आणि घरी जाऊन झोपायचा. लांबून ऐकणाऱ्याला वाटे, राखण चाललीय. वांदरं दोन दिवस बिचकली. मग मांगराच्या कौलांवर बसून गाणी ऐकत आंबे खाल्ले त्यांनी."

"गावठी उदाहरणं गावात ठेवायची," सर म्हणाले.

ती शेठकडे गेली. शेठनी पडद्याकडे बघितलं. "हिरवं दिसतंय ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

योगिनीला त्या दोघांची किळस आली. मरू देत मेले, तोंडावर आपटतील तेव्हा कळेल, असं म्हणून ती जागेवर येऊन बसली. पुन्हा म्हणून तिनं पडद्यामागे डोकावून बघितलं नाही. दुपारच्या चहाला ती सरांची नक्कल करी, मान वाकडी करून, "आमच्या पुण्यात", आणि ऑफिस पोट धरून हसे. खरं तर सरांच्या फजितीची ती वाटच बघत होती.

मागे मेमरी भरत गेली आणि सर्व्हर एकामागून एक मेले. पुढ्यातला झोपाळू मात्र ठणठणीत, त्यामुळे कंटेनर मिटलेही नाहीत आणि मेलेल्यांना कोणी उठवलंही नाही. तिन्ही गावांत एकच रोग पेरलेला, म्हणून तिन्ही नोंदी एकाच मरणानं गेल्या. गिऱ्हाइकानं नोंद मागितली, तेव्हा ती भर हंगामातच तुटलेली निघाली. आंबा होता तसा गार होता, पण पुरावा नव्हता. सगळा माल नाकारला गेला. "इथलं नेटवर्कच भिकार," सर म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं. पुढच्याच महिन्यात त्यांना पुण्यात वरची जागा मिळाली.

योगिनी घरी गेली. पडवीत बसून तिनं बापाला सगळं सांगितलं, धोंडूच्या रेडिओसकट. सवयीनं सरांची नक्कलही करून दाखवली. केरू हसला नाही.

"म्हंजे तुला ठावक होतं?"

"होतं. मी सांगितलं की त्यांना! शेठलाही सांगितलं एकदा."

"आपला आंबा आत हाय, ता पण ठावक होतं?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

केरू बागेकडे वळला. मग म्हणाला, "बागेत वांदर दिसला तर आपण एकदाच हाकलतो काय गो?"