सत्यभामाची टिकटिक

वाघिणीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता. त्याची टिकटिक अँटेनावर ऐकून ती कुठे आहे हे सांगायचं, हेच सत्यभामाचं वनखात्यातलं काम. केळापूरकडच्या बाया कापूस वेचायच्या आधी बांधावर पंजे शोधत, तेव्हा ती खेकसायची, "मातीत काय पाह्यता? मशीन हाय ना!" आता त्या तिलाच विचारत.

"नाल्यापल्याड गेली. वेचा बिनधास्त," ती आजही म्हणाली. बाया वाकल्या. टिकटिक आणखी मंद झाली.

सत्यभामा बांधावरून वळली आणि थबकली. ओल्या मातीत ताजा पंजा होता, वाघिणीच्या पंजाहून कितीतरी मोठा.

"उठा! वाकू नका, एका जागी या!"

"काहून वं? मशीन तं..."

"हा दुसरा हाय! याच्या गळ्यात पट्टाच नाही!"