मिशीवाल्या आईच्या मांडीवर

मी पहिल्यांदा मेले ती भातकुली गावात. सात वर्षांची होते, आणि इतकी झकास मेले की लोकांनी वन्समोर दिला. पदाला वन्समोर मिळतो हे सगळ्यांना माहीत होतं. मरणाला मिळाला तर काय करायचं, हे आमच्या नाटक मंडळात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण लोक बैलबंड्या जुंपून आले होते, ते काही ऐकेनात. शेवटी पेटीवाल्यानं पुन्हा सूर धरला. मी उठून बसले, खोकले, "आई, बाबा आले का गं?" असं विचारलं आणि पुन्हा मेले. पाठीमागून कोणीतरी तिसऱ्यांदा मागितला, तेव्हा लेखकानं स्वतः येऊन पडदा ओढला.

आमच्या शेजारची एक चिमुरडी हल्ली टीव्हीच्या मालिकेत काम करते. तिची आई येता-जाता मला थांबवून सांगते की आमचीनं चौथ्या वर्षीच करिअर सुरू केलं. करिअर म्हणे. अहो बाई, माझंही होतं की. एक नाटक, एक भूमिका आणि एक मांडी. त्या मांडीवर मी भातकुलीत मेले, वरुडात मेले, आणि अकोल्यात तर अशी मेले की विचारू नका. पुढं माझे पाय लांब झाले, मांडीवरून खाली लोंबायला लागले, मंडळानं दुसरं लेकरू आणलं. मी शाळेत गेले, मास्तरीण झाले, दुसऱ्यांच्या पोरांना दटावत दटावत पेन्शनीत निघाले. संपलं करिअर. रडू यावं म्हणून डोळ्यांत घालतात ते औषध की काय, त्याचा एक थेंब कधी लागला नाही मला.

तर ती मांडी. ती माझ्या बाबांची होती. बाबा अमरावतीत एका दवाखान्यात कंपाउंडर होते. दिवसभर शिश्यांत लाल औषध भरायचे, आणि संध्याकाळी मंडळात जाऊन नाटकाची नायिका व्हायचे. चांगल्या घरची बाई तेव्हा नाटकात उभी राहत नसे, आणि नागपूरहून नटी आणावी एवढी मंडळाची ऐपत नव्हती. बाबा अंगानं सडपातळ, आवाज गोड. नऊवारी नेसून उभे राहिले की माझी आईसुद्धा टक लावून पाहायची.

नाटक आमच्याच एका तहसील कचेरीतल्या कारकुनानं लिहिलेलं होतं. नवरा घर सोडून साधू होतो आणि मागं त्याचा एकुलता मुलगा आजारी पडून मरतो, एवढीच गोष्ट. मुलाला रोग कोणता ते मात्र लेखकाचं शेवटपर्यंत ठरलं नाही. पहिल्या अंकात ताप, दुसऱ्यात खोकला, तिसऱ्यात एकदम पाय लुळे. बाबा दवाखान्यातले, त्यांना हे फार लागायचं. असा रोगच नसतो हो, असं ते प्रत्येक तालमीला सांगायचे, आणि लेखक म्हणायचा की प्रेक्षक काय नाडी पाहायला येतात का.

मुलाच्या कामाला आधी पेटीवाल्याचा पोरगा होता. त्याला गुदगुल्या फार. बाबांनी मांडीवर घेतलं की मरायचं सोडून खिदळत सुटायचा. मी तालमीला बाबांचा डबा घेऊन जायचे. एकदा लेखक चिडून म्हणाला, या पोट्ट्यापेक्षा ती पोट्टी बरी मरेल. मग मला मांडीवर निजवलं. मी डोळे मिटले, मान टाकली, ती कितीतरी वेळ उठलेच नाही. या मुलीला मरणाची उपजत जाण आहे, असं लेखक म्हणाला. कसली जाण आणि कसलं काय. मला उठायचंच नव्हतं.

कारण घरी ती मांडी मला कधी मिळत नसे. आमच्याकडं रीत अशी की वडीलधाऱ्यांदेखत बापानं आपलं लेकरू उचलायचं नाही. निर्लज्जपणा समजत. चुलतभावाला बाबा खांद्यावर घेऊन गल्लीभर हिंडत, कारण तो भावाचा मुलगा. मी अंगणात तोंडावर आपटले तरी जागचे हलत नसत. नुसतं आत तोंड करून आईला सांगत, पाय वं, पोट्टी पडली. आणि आमच्या घरात वडीलधारे नाहीत असा क्षण नव्हता, कारण आबाजी, म्हणजे माझे आजोबा, सदानकदा ओट्यावर. बाबा त्यांच्यासमोर बसतसुद्धा नसत, मला मांडीवर कुठून घेणार? म्हणून मला नाटक हवं होतं. त्यात बाप मला छातीशी धरायचा, डोक्यावरून हात फिरवायचा, माझ्या नावानं रडायचा. त्यासाठी मरावं लागत होतं, तर माझी काही हरकत नव्हती.

माझे केस पोरासारखे कापले तेव्हा आई तेवढी कुरकुरली. बाप बाई झाला, पोरगी पोरगा झाली, आता या घरात मी काय व्हायचं ते तरी सांगा, असं म्हणाली.

घोटाळा झाला तो मिशीनं. बाबांना चांगली भरघोस मिशी होती. भातकुलीच्या पहिल्या प्रयोगासाठी ती काढली, आणि विगाखाली घाम येतो म्हणून डोकंही बारीक केलं. आता आमच्याकडं मिशी काढलेला, भादरलेल्या डोक्यावर टोपी घातलेला माणूस दिसला, की त्याचा बाप गेला, यात कोणाला शंका नसते. शेंदूरजनाघाटहून आबाजींच्या बहिणीचे यजमान संत्री घेऊन अमरावतीच्या बाजारात आले होते. त्यांनी रस्त्यापलीकडून बाबांना पाहिलं. भर बाजारात कसं विचारावं म्हणून बिचाऱ्यांनी विचारलं नाही. तसेच माघारी गेले आणि गावभर सांगितलं की बुढा गेला आणि आपल्याले सांगावासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं शेंदूरजनाघाट संत्र्याच्या ट्रकमध्ये बसून आमच्या दारी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून टोपलंभर भाकरी आणि वांग्याची भाजी संगतीला. बायकांनी रीतीप्रमाणं गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला. आबाजी ओट्यावर दात कोरत बसले होते. त्यांना वाटलं, शेजारी कोणी गेलं. माणूस रीतीभातीचा पक्का. काडी टाकली, टोपी घातली आणि तेही जाऊन रडणाऱ्यांत बसले. त्यांची बहीण पदरात तोंड खुपसून हंबरडा फोडत होती. आबाजींनी हळूच विचारलं, कोण गेलं म्हणून. ती मान वर न करता म्हणाली, माहा भाऊ गेला.

"मोठा का लहान?" आबाजींनी विचारलं.

"मोठा वं माय, मोठा."

"मोठा त मीच हावो," आबाजी म्हणाले.

मग जे झालं ते विचारू नका. बहिणीनं वर पाहिलं आणि किंकाळी फोडली. नंतर तिला राग आला, आणि तो सगळा आबाजींवर निघाला, की एवढ्या लांबून आम्ही आलो आणि तुम्ही इथं दात कोरून राहिले. भाकऱ्या मात्र सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. स्वतःच्या सुतकाची भाजी आबाजींनी दोनदा मागून घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाले. हात धुतले, आणि बाबांना समोर उभं केलं.

"मी जित्ता हावो तोवर या मिशीले वस्तरा लागला, त मले बाप म्हणू नको."

झालं. नाटक बुडालं. बाबा मिशी वाढवू लागले. इकडं मंडळाला अकोल्याच्या नाट्यस्पर्धेचं बोलावणं आलेलं. बाबांच्या जागी एका तलाठ्याला उभं करायचं ठरलं. त्याला मिशीच फुटत नव्हती, हा त्याचा एकमेव गुण. बाकी पोट हे एवढं, आणि तंबाखूचा वास. तालमीत मला त्याच्या मांडीवर ठेवलं तर मी घसरून खाली आले. मी घरी जाऊन आईला सांगितलं, मी त्यांच्या मांडीवर मरणार नाही. आणि जेवले नाही. दुसऱ्या दिवशीही जेवले नाही. बाबा सगळं पाहत होते, पण आबाजी ओट्यावर, जवळ कसे येणार? अंगणाच्या त्या टोकाला उभे राहून मिशीवर हात फिरवत राहिले. मला त्या मिशीचा असा संताप आला की काय सांगू.

आईनंच वाट काढली. भाकरी थापता थापता म्हणाली, "इतके वर्स झाले, मामंजींसमोर पदर घेऊन वावरते मी. मले मिशी हाय का नाही, कोणं पायलं का?"

बाबा तिच्याकडं पाहतच राहिले. मग उठले आणि तसेच मंडळात गेले. ठरलं की नायिका नाकापर्यंत पदर घेईल, आणि उरलेलं काम डोळ्यांनी करायचं. लेखकाला आधी पटेना, पण तलाठ्याला एकदा मांडी घालून बसवून पाहिलं होतं त्यानं, मग पटलं.

अकोल्याला आबाजी आमच्याबरोबर आले. नाटक पाहायला नव्हे, वस्तऱ्यावर नजर ठेवायला. रंगपटात चेहऱ्याला रंग लावेपर्यंत शेजारी बसून होते, आणि मिशी शाबूत आहे असं पाहूनच बाहेर जाऊन पहिल्या ओळीत जाजमावर बसले. तोवर त्यांनी हे नाटक एकदाही पाहिलं नव्हतं.

दोन अंक पदर टिकला. तिसऱ्यात माझे पाय लुळे पडले, आणि बाबांना मला दोन्ही हातांनी उचलावं लागलं. मला मांडीवर घेऊन ते खाली बसले, नि पदर घसरला. पार खांद्यावर आला. बाबांना कळलं, पण हात मोकळा कुठे होता? एका हातात माझं डोकं, दुसऱ्यात पाय. पुढं बसलेल्या बायकांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी एक. मी खालून पाहत होते. ती काळीभोर मिशी, तिच्यावर पावडर, आणि बाबांचे डोळे असे भ्यालेले की मी कधी पाहिले नव्हते. आता पडदा पाडतील आणि मला खाली ठेवतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी हात वर केला आणि बाबांच्या तोंडावर ठेवला. मिशी झाकली. मग खोकले, बाबा आले का गं विचारलं, आणि मेले.

पण हात काढला नाही. मेलेल्याचा हात खाली पडतो हे मला काय कळत नव्हतं? पण तो पडला असता तर मिशी दिसली असती. विंगेतून प्रॉम्प्टर दबक्या आवाजात सांगत होता, हात सोड, तू मेली, हात सोड. मी ऐकलं नाही. माझ्या मरणानंतर आईचा मोठा विलाप होता. बाबांनी तो सगळा माझ्या तळव्यातून केला. शब्द एक कळत नव्हता, नुसता ऊं ऊं आवाज आणि माझ्या हातावर गरम श्वास. मग हातावर पाणी आलं. तालमीत कधी आलं नव्हतं. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. हसणाऱ्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. आबाजी मांडीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते, आणि त्यांची हनुवटी हलत होती.

परीक्षक म्हणाले की मुलाच्या निधनानंतरचा हस्ताभिनय विशेष उल्लेखनीय आहे. मला एक पितळी पेला दिला. लेखकानं तो हात लगेच नाटकात लिहून घेतला, आणि ही कल्पना आपल्याला पहाटे अंघोळ करताना सुचली असं पुढं जन्मभर सांगत फिरला. मिशी राहिली, पदर राहिला आणि माझं कामही राहिलं.

सकाळच्या गाडीनं आम्ही परतलो. अकोल्यापासून आबाजी खिडकीकडं तोंड करून बसले होते. बडनेऱ्याला उतरून अमरावतीची गाडी पकडायची असते, त्यासाठी पूल चढायचा. आबाजी काठी टेकत पुढं, मागं बाबा लुगड्यांची पेटी घेऊन, डोळ्यांत अजून काजळ. मी झोपेनं पेंगत त्यांच्यामागं फरफटत होते. पहिल्याच पायरीला मी अडखळून गुडघ्यावर पडले. बाबा थांबले. सवयीनं इकडंतिकडं आईला शोधलं असणार, पण आई तर घरी. तसेच उभे राहिले.

आबाजी दोन पायऱ्या वर होते. मागं न पाहता म्हणाले, "पेटी माह्याजवळ दे." बाबांनी पेटी दिली. बापाच्या हाती ओझं दिल्यामुळे ते पार ओशाळून गेले.

"आता पोट्टीले घे."

बाबा जागचे हलेनात. आबाजींनी खोकल्यासारखं केलं. म्हणाले, "सगळ्या अकोल्यासमोर घेतली ना तिले? मंग माह्यासमोर काहून नाही घेत?" आणि पेटी घेऊन चढायला लागले.

बाबांनी मला उचललं. अंगावर लुगडं नव्हतं, धोतर आणि कोट होता, पण हात तेच होते. त्या हातांत गेलं की काय करायचं हे मला पक्कं माहीत होतं. मी डोळे मिटले आणि मान टाकली.

बाबा माझ्या कानाशी वाकले. "मरू नको, बाप्पा," ते हळूच म्हणाले. "नाटक नोय हे."

मी डोळे उघडले, त्यांच्या गळ्यात हात टाकले, आणि पूल उतरेपर्यंत डोळे उघडेच ठेवले.