चौतीस मिनिटांचं गाणं

गाणी कमी न् किस्से जास्त, असं आमच्या बँडचं झालंय. सत्तावीस वर्षांत रेकॉर्डिंगं चार, आणि एकेकामागं दहा तरी किस्से. ते सांगायला आता चौघांपैकी तिघांनाच आवाज आहे, म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

सुध्या गाणारा, माजिद ड्रम्स, दत्ता बास न् मी कीबोर्ड. आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवतो. म्हणजे गाणं सुरू झाल्यावर पाहुण्यांनी चहा पिऊन, निरोप घेऊन घरी पोचावं, तरी ते चालूच!

*

पहिली कॅसेट उस्मानपुऱ्यात दत्ताच्या खोलीत केली. भिंतींना गोधड्या, मधोमध टेपरेकॉर्डर. एकच गाणं, चौतीस मिनिटांचं. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची असते, हे आम्हा चार इंजिनिअरिंगवाल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! ऐन शेवटाला बटण उडालं, टक्. पुन्हा सगळं वाजवायची ताकद नव्हती, तशाच कॉप्या काढून वाटल्या. जो ऐकेल त्याच्याही टेपरेकॉर्डरचं बटण तिथंच उडायचं.

औरंगपुऱ्यात एकानं मला गाठलं. "काय शेवट केलाय हो! बोलता बोलता माणूस गेल्यासारखा."

मी थँक्यू म्हणाले.

*

मग सीडी आली. शहागंजच्या दुकानदारानं ती भजनांच्या खणात लावली. सुध्या तावातावानं भांडायला गेला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "उधर तीन बिके, भाई. रॉक में एक भी नहीं."

सुध्यानं पिशवीतल्या उरलेल्या सीड्यापण त्याच खणात लावल्या न् घरी आला.

*

तिसरं रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकलं. तिथं कोण कुठवर ऐकतं ते दिसतं. लोक चौथ्या मिनिटाला सोडून जायचे. दत्ता महिनाभर कारण शोधत होता. बाकीचे दोघं माझ्याकडं न बघता चहा पीत होते.

चौथ्या मिनिटाला माझा सोलो सुरू होतो.

माजिदनं समजूत काढली, "दिल पे नक्को ले, वैशाली. जो बचे, वो अपने."

बचे म्हणजे दत्ताची आई. तिला फोनवरचं गाणं बंद करता येत नाही.

*

यंदा सुध्याचा आवाज बसला. सर्दी समजून लई काढे पिला. तपासलं तर घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

सुध्या आम्हाला एवढंच म्हणाला, "पहिल्या गाण्याचा शेवट राह्यलाय. तेवढा करून घेऊ."

ती चार मिनिटं कुणीच ऐकलेली नाहीत. स्टेजवर आम्हाला कधी कुणी पंधरा मिनिटांच्या वर उभं केलं नाही. आणि शेवटाचे शब्द कुणाच्या वहीत नाहीत, फक्त सुध्याच्या डोक्यात.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, दुपारी, दत्ताच्याच खोलीत जमलो. गोधड्या नव्या, खिळे तेच. या खेपेला कॅसेट नव्हती, तरी माजिदनं लॅपटॉपवर जागा किती उरलीय ते तीनदा बघितलं. सुध्या फाटक्या आवाजात गात राहिला. त्याला दम लागला की मी सोलो लांबवायची, आणि पहिल्यांदाच कुणाची हरकत नव्हती.

सोलोंमुळं तीस मिनिटं कधीच उलटली होती. मग बटण उडायची ती जागा आली. आम्ही तिघं वाजवत पुढं गेलो.

सुध्या माइकच्या अगदी जवळ सरकला. आमच्याकडं बघून हसला न् म्हणाला, "टक्."